वाऱ्याची बाही

विमानशाळेच्या लोकांनी देवमन तायडेला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो फाटकाबाहेर सायकल धरून उभा होता. नांदगाव खंडेश्वरजवळच्या माळावर धावपट्टी झाल्यापासून विमानं बघायला तिथे रोज माणसं जमत. हा मात्र खांबावरच्या नारिंगी-पांढऱ्या कापडी नळीवरून नजर काढेना. वाऱ्याने ती नळी फुगून आडवी होते आणि वारा कुठून येतो, किती जोराचा आहे, ते उतरणाऱ्याला वरूनच कळतं. त्या दिवशी तिचं टोक फाटून लोंबत होतं.

"काय पाहून राहिला रे?" चौकीदाराने हटकलं.

"बाही उसवली हाये ते," देवमन म्हणाला. "शिवून देऊ का?"

देवमनचं शिलाईचं दुकान बसस्टँडसमोर. गणवेश, पोलकी, पडदे, जे येईल ते तो शिवे. त्याची शिवण उसवत नाही असं गिऱ्हाइकं म्हणत आणि ते ऐकायला त्याला फार आवडे. शाळेचे मुख्य शिक्षक कॅप्टन वसंतराव यांनी जुनी नळी नमुन्याला दिली आणि ते काम कायमचं त्याच्याकडे आलं.

माळावरचा वारा मात्र कापड टिकू देईना. दोन-तीन महिन्यांत चिंध्या. देवमनला तो स्वतःचा अपमान वाटे.

"लोक म्हणतीन, देवमनची शिलाई कच्ची."

"वारा काय तुमच्या नात्यातला हाये, तुमची अब्रू राखाले?" चतुराबाई, त्याची बायको, म्हणाली.

त्याने ऐकलं नाही. पुढची बाही त्याने दोन पदरी शिवली, कडेला पट्टी घालून, कोणाला न सांगता. ती पावसाळाभर टिकली. वसंतरावांनी पाठ थोपटली. देवमन आठवडाभर हवेत होता.

डिसेंबरातल्या एका दुपारी शाळेत शिकणारी अकोल्याची अश्लेषा एकटीच विमान घेऊन उतरत होती. नुकतीच ती एकटी उडायला लागली होती. विमान टेकलं ते पट्टी बरीच मागे टाकून, आणि मग थांबेचना. पट्टी संपली, पलीकडच्या चरात नाक गेलं, पंखा वाकला. पोरीचं मनगट मोडलं, बाकी जीव सलामत.

गाव धावलं. देवमनही कात्री ठेवून धावला. अश्लेषा बाभळीखाली हात धरून बसली होती.

"सर, मी वरून पाहिलं होतं. वारा नव्हताच."

"पाठीमागून होता," वसंतराव म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण तुटक होता. "पाठीवर वारा घेऊन उतरतं का कोणी? चौकशी होईपर्यंत तुझं उडणं बंद. पुढचं मी सांगू शकत नाही."

"मोबाईलमंधी पाहत असन," गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

देवमनच्या खांद्यावरचा दुपट्टा उडून त्याच्या तोंडावर आला. तो बाजूला करताना त्याने खांबाकडे पाहिलं. बाही सरळ खाली लोंबत होती. टोक तेवढं जरासं हलत होतं.

दुकानात परतून त्याने एका सदऱ्याची कॉलर उलटी बसवली. चतुराबाईने मशीनचं चाक हाताने थांबवलं, तेव्हा त्याने सगळं सांगितलं.

"कोणी अस्तर उकलून पाहणार नाही वं," तो म्हणाला.

"मंग? पोरीचं नाव खराब होऊन राहिलं न तिकडं. तुमी इथं काहून बसले?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वसंतरावांसमोर उभा राहिला. "सायेब, वारा होता. माह्या बाहीनं दाखवला नाही. दोन पदरी शिवली मी, जड झाली."

वसंतरावांनी बाही उतरवून घेतली. चिमटीत धरून चोळली.

"आधी का नाही सांगितलंस?"

"तुमी शाबासकी देली, सायेब."

"हं." वसंतरावांनी ती घडी करून टेबलावर ठेवली. "आणि मी इतके महिने हात लावून पाहिलं नाही."

चौकशीत त्यांनी तसंच सांगितलं. अश्लेषा जरा जोरात आली होती, तेही नोंदलं गेलं; पण बेपर्वाईचा ठपका तिच्यावर राहिला नाही. मनगट बरं झालं की उडायला परवानगी होती.

प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून ती एकदा दुकानात आली. देवमनची मान वर होईना.

"काका, वारा दाखवाले रजई टांगली होती का तुमी?"

"बस न बाई आधी," चतुराबाईने स्टूल पुढे केलं.

"मीही जोरातच आली होती, काका. सगळं तुमच्याच अंगावर नका घेऊ." मग हसून म्हणाली, "पण आता पातळच शिवजा बरं का. फाटू द्या."

आता देवमन एकपदरीच शिवतो. फाटली की नवी शिवतो, आणि बांधायला स्वतः जातो. दर मंगळवारीही सायकलने माळावर जाऊन बाही भरते का ते बघून येतो. तेवढा वेळ दुकानात गिऱ्हाइकांची मापं चतुराबाई घेते.