गुलाबदाणीचा उडालेला रंग आणि माझी ‘अ’ समरी

नोकरीतली बरीच प्रकरणं आता पुसट झाली. हे एक होत नाही, कारण त्याचा शेवट मी कागदावर खोटा लिहिला.

आर्णी भागातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. तिथल्या एका वकिलांच्या पत्नीने फिर्याद दिली. तिच्या वडिलांनी हौसेने जमवलेली लाल काचेची गुलाबदाणी आणि सहा रंगीत पेले चोरून कुणीतरी त्या जागी तशीच फिकट भांडी ठेवली होती. संशय मोलकरणीवर. ती पदराखाली गुलाबदाणी घेऊन कासाराच्या दुकानात गेली होती, अशी खबरही मिळाली.

दोन दिवस, सकाळपासून दिवस मावळेपर्यंत, तिला ठाण्यात बसवलं.

“खरी गुलाबदाणी कोणाला विकली?”

“हेच हाये थे, साहेब. कपाट खिडकीपाशी सरकवलं तवापासून रंग उडून राह्यला.”

“काचेचा रंग उडतो? लुगडं आहे का ते?”

शिपाई हसले. तिने तेच पुन्हा सांगितलं. खोटं बोलणारा माणूस दर वेळी जबाबात नवी भर घालतो. ती दोन्ही दिवस तेवढंच सांगत होती. मला तिथेच कळायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी गुलाबदाणी घेऊन मी कासाराकडे गेलो.

“विकाले नाही, इचाराले आलती बिचारी,” म्हातारा म्हणाला. “रंग कसा थांबवाचा म्हणे.”

त्याने गुलाबदाणीच्या मानेवरची पितळी कडी सैल करून वर सरकवली. कडीखाली बोटभर पट्टा डाळिंबासारखा लाल होता.

“वस्तू तेच हाये, साहेब. हा भट्टीतला पक्का रंग नाही, वरून देल्ला हाये. उन्हानं उडते, सोड्याच्या पाण्यानं निघते. कपाट उन्हातून हटवा, कोरड्या मऊ कपड्यानं पुसा. गेला थो वापस येत नाही. राह्यला थो जपा.”

तिला सोडून दिलं. फिर्याद गैरसमजातून झाली, अशी ‘क’ समरी, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, न्यायालयात पाठवायला हवी होती. मी ‘अ’ पाठवली: चोरी खरी, चोर सापडला नाही. वकिलांच्या घराला ओशाळं वाटू नये, आणि माझे ते दोन दिवसही झाकले जावेत, म्हणून. तिचं काम सुटलं ते सुटलंच.

यंदा पत्ता काढत तिच्या घरी गेलो. तिने ओळखलं, खुर्ची दिली, चहा ठेवला. मी सगळं सांगून माफी मागितली.

“माही सासू मरेस्तोवर मले चोट्टी म्हणे,” ती शांतपणे म्हणाली. मग कप माझ्या हातात देत, “म्या चोरलं नाही हे मले मालूमच होतं, साहेब. मले कायले सांगता? त्याइले सांगा.”

बाहेर ओट्यावर शेजारणी तूर निवडत बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर उभा राहून सांगितलं. एक म्हातारी म्हणाली, “इतके वर्स काहून नाही सांगतलं?”

निर्दोष माणसाला ठाण्यातून सोडलं, की पोलिसाचं काम संपलं असं मी समजत होतो. ज्यांच्या देखत त्याला नेलं, त्यांच्या देखत त्याला परत आणून सोडावं लागतं. ओट्यावर चौघीच होत्या. नेलं तेव्हा सारी गल्ली बघत होती. म्हणून हे लिहून देतो. ती चोर नव्हती. त्या घरात चोरी झालीच नव्हती.