खांबामागच्या बाई

आमच्या भूमितीच्या बाई गॅदरिंगच्या आदल्या दिवशी दोनशे दहा खुर्च्यांवर बसायच्या. एकामागून एक, प्रत्येक खुर्चीवर. पदर खोचलेला, मांडीवर सभागृहाचा नकाशा, कानामागे पेन्सिल. स्टेजवर पीटीचे सर गुडघ्यांत वाकून उभे असायचे, कारण त्यांना पहिलीतल्या मुलाएवढं बुटकं व्हायचा हुकूम होता. त्या अवस्थेत ते बोटं वर करायचे आणि बाई खुर्चीवरून किती ते सांगायच्या. बोटं मोजता आली तर नकाशावर बरोबरची खूण. नुसता हात दिसला तर अर्धी. काहीच दिसलं नाही तर फुली. पीटीचे सर पुढचे चार दिवस जिन्याचा कठडा धरून उतरायचे.

हा सगळा खटाटोप खांबांमुळे. आमची भांडुपची शाळा आधी बैठी होती, मग वर तीन मजले चढले आणि तळमजल्यावरच्या सभागृहात चार जाडजूड खांब आले. मी या शाळेत सहावीत असताना बाई नुकत्याच नोकरीला लागल्या होत्या. माझी मुलगी तन्वी तिथे शिकायला लागली तेव्हा त्या सुपरवायझर होत्या, आणि खुर्च्यांचं खातं त्यांच्याकडे होतं. त्यांनी खुर्च्यांचे तीन प्रकार पाडले होते. 'दिसतं', 'थोडं दिसतं' आणि 'ऐकू येतं'. घरटी एकच खुर्ची. पहिली ते दहावी या दहा वर्षांत प्रत्येक घराला चार वेळा 'दिसतं', तीन वेळा 'थोडं दिसतं' आणि तीन वेळा 'ऐकू येतं'. कुठल्या वर्षी काय, ते मूल पहिलीत येतानाच ठरायचं. त्यानंतर आकाशपाताळ एक केलं तरी बदल नाही.

वशिला तर अजिबात नाही. एकदा संस्थेचे सेक्रेटरी आपल्या मेव्हण्यांना घेऊन थेट पहिल्या रांगेकडे निघाले. बाईंनी वाटेतच विचारलं, यांचं मूल कुठल्या वर्गात? मूल कुठल्याच वर्गात नव्हतं, पण सभागृहातल्या खुर्च्या मेव्हण्यांनीच दिल्या होत्या, असं सेक्रेटरी म्हणाले. बाई शांतपणे म्हणाल्या, "मग मोजून घेऊन जाऊ देत. आम्ही सतरंजीवर बसू." मेव्हणे चहाच्या टेबलाशेजारी बसले आणि दोन तासांत सहा कप चहा प्याले.

मोबाइल वर केलेला त्यांना चालायचा नाही. शूटिंग करणाऱ्याच्या मागे जाऊन त्या कानाशी कुजबुजायच्या, "तुझ्या एका हातानं तीन माणसं आंधळी केलीस." हात आपोआप खाली यायचा. मी एका शाखा व्यवस्थापकाचा हात खाली येताना पाहिलाय.

इतका सगळा न्याय, पण त्यात एक गोम होती. मुलाला स्टेजवर केव्हा घेतील, हे बाईंच्या हातात नव्हतं. आमच्या वाट्याला तीनदा 'दिसतं' आलं. तिन्ही वेळा मी पुढच्या रांगेत ऐटीत बसून लोकांची मुलं पाहिली, कारण तन्वी पडद्याची दोरी ओढत होती. आणि नववीत, आयुष्यात पहिल्यांदा, तिला नाटकात मुख्य भूमिका मिळाली. बिल्डरला पिटाळून लावणारी आजी. महिनाभर घरात ती आम्हाला दुपारच्या वामकुक्षीतून उठवून पिटाळत होती. दहावीला बोर्डामुळे स्टेज बंद. म्हणजे हीच पहिली आणि हीच शेवटची संधी. आमची खुर्ची आली 'ऐकू येतं'. डावीकडच्या खांबाच्या बरोबर मागे.

बायको म्हणाली, तुझ्या बाई आहेत, तूच जाऊन भांड.

चव्वेचाळीस वर्षांचा मी स्टाफरूमच्या दारात हाताची घडी घालून उभा राहिलो. म्हटलं, बाई, पुढच्या वर्षी आम्हाला 'दिसतं' आहे, ती खुर्ची याच वर्षी द्या, मी पुढच्या वर्षी खांबामागे बसतो. बाईंनी तक्रार उडवून लावली नाही, उलट म्हणाल्या की तुझं गाऱ्हाणं खरं आहे. मला वाटलं, जिंकलो. मग त्यांनी नकाशा उघडून माझ्यासमोर सरकवला. प्रत्येक चौकोनात बारीक अक्षरात एकेका घराचं नाव होतं.

"कुणाला उठवू, मिलिंद? बोट ठेव. मी स्वतः जाऊन सांगते त्यांना."

मी बोट पुढे केलं. पहिल्याच चौकोनात आमच्या मजल्यावरचे रिक्षावाले परब. त्यांचा मुलगा त्याच नाटकात बिल्डर. पुढच्यात माझ्याबरोबर शिकलेली वैशाली. त्याच्या पुढचं नाव माझ्या ओळखीचं नव्हतं, आणि अनोळखी माणसाला उठवणं सोपं जाईल असं वाटलं होतं, पण तेही जमेना. बोट हवेत तसंच राहिलं. "ठेव ना," बाई म्हणाल्या, आणि त्यात चेष्टा नव्हती. मी बोट खिशात घालून घरी आलो.

कार्यक्रमाच्या दिवशी मी खांबामागे बसलो. समोर पिवळा ऑइल पेंट, एका बाजूला माणसं, दुसऱ्या बाजूला रिकामी खुर्ची, मागे भिंत. त्या खुर्चीत कोण येऊन बसावं? बाई. चारशेएक शिक्षकी सूचना देऊन झाल्या की त्या दरवर्षी तिथेच बसायच्या, म्हणजे एका घराला तरी ती खुर्ची घ्यावी लागत नाही. मी चाटच पडलो. या बाईंनी कित्येक वर्षं एकही गॅदरिंग डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. पण त्यांचे कान तयार झाले होते. पावलांच्या आवाजावरून त्या मला हळू आवाजात सांगत होत्या. "आता तन्वी डावीकडे आली. बिल्डर मागे सरकला. चप्पल मोठी आहे त्याची."

आणि एकदम सगळं थांबलं. संवाद नाही, पावलं नाहीत. सभागृहात कुणी खोकेना. मी बाईंकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली. त्यांनाही कळेना. पोरगी विसरली? पडली? रडतेय? मी उठायला गेलो तर बाईंनी माझं मनगट धरलं. "बस. तू उठलास की अख्खी रांग उठेल."

"बाई, माझी मुलगी आहे."

"रांगेत सगळ्यांची आहेत."

त्या पकडीत जोर किती होता ते मी आजही सांगू शकतो. मी रंगाकडे बघत बसलो. एक पोपडा उडाला होता, त्याचा आकार थेट नागपूर जिल्ह्यासारखा होता. मग हास्याचा असा स्फोट झाला की खुर्च्या हलल्या, आणि टाळ्या थांबेचनात.

नंतर भेटेल त्याला विचारलं. परब डोळे पुसत म्हणाले, काय पोरगी आहे रे तुझी, ते बघायलाच पाहिजे होतं. वैशाली म्हणाली, सांगण्यात मजा नाही, बघायलाच पाहिजे होतं. शाळेच्या कॅमेरावाल्याचं शूटिंग आणलं, तर नेमक्या त्या वेळी त्याने प्रमुख पाहुणे टिपले होते. पाहुणे हसून हसून चष्मा पुसतायत, एवढंच. तन्वीला विचारलं तर ती म्हणाली, "बाबा, तू तिथेच होतास ना?" आणि दार लावून घेतलं.

पुढच्या वर्षी आमच्याकडे 'दिसतं'ची चिठ्ठी आली. तन्वी दहावीत, घरी अभ्यास करत होती. बायको म्हणाली, आता कुणाला बघायचंय? मीही जाणार नव्हतो. पण बाई मेमध्ये निवृत्त होणार होत्या, हे त्यांचं शेवटचं गॅदरिंग, म्हणून गेलो. दारात त्यांनी चिठ्ठी फाडली आणि म्हणाल्या, "नीट बघ."

मी नीट पाहिलं. तिसरीच्या नाचात सगळ्यांत मागे एक लाट होती. निळ्या कापडातला लुकडा मुलगा. बाकीच्या लाटा उसळल्या की हा खाली बसायचा आणि त्या बसल्या की हा उसळायचा. शेवटी पडदा सरकला तरी नमस्कार करत राहिला, तेव्हा कुणीतरी आतून त्याला कापडासकट ओढलं.

कार्यक्रम संपून सभागृह रिकामं होत होतं. डाव्या खांबामागे एक कोळीण बसून राहिली होती. मी तिला ओळखत होतो, भांडुप गावातली, आम्ही तिच्याकडून मासे घ्यायचो. मी विचारलं, पोरगा कुठल्या नाचात होता? ती म्हणाली, लाट होता. लोक हसले तेवढं ऐकलं. माझ्या पोराला हसले काय?

मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि लाट झालो. गुडघ्यांत वाकलो, उसळलो, चुकीच्या वेळी खाली बसलो. माझ्या वयाच्या आणि वजनाच्या माणसाला जेवढं जमतं तेवढं. ती आधी बघत राहिली, मग तोंडावर पदर धरून हसायला लागली. म्हणाली, पुन्हा दाखवा, त्याला ओढतात ते. मी स्वतःलाच कॉलरला धरून ओढलं.

बाई शेजारच्या खुर्चीवर कधी येऊन बसल्या ते कळलं नाही. किल्ल्यांचा जुडगा मांडीवर ठेवून त्या म्हणाल्या, "मिलिंद, असं मधूनच नको. ईशस्तवनापासून सांग."