गढूळ लागर आणि नानांची तुरटी

ईस्ट टामाकीतल्या एका ज्यूसच्या कारखान्यात मी क्वालिटी कंट्रोलला आहे. बाटली उजेडासमोर धरायची, आतला ज्यूस गढूळ असेल तर तो का गढूळ आहे ते शोधून काढायचं, याचा मला पगार मिळतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्ही मला हसाल ते पुरेशा माहितीनिशी हसाल.

प्रकरण सुरू झालं शेजारच्या ग्रॅहममुळे. (खरं तर माझ्यामुळे, पण सुरुवात दुसऱ्यावर ढकलायची मला सवय आहे. तिचीच ही गोष्ट.) माउंट रॉस्किलच्या या भाड्याच्या घरात आम्ही आलो, त्या पहिल्याच आठवड्यात कुंपणावरून फीजोआची, म्हणजे पेरूसारख्या इथल्या हिरव्या फळांची, भरलेली पिशवी देणारा हा माणूस. आमची गाडी सुरू होईना की न बोलावता जंपर केबल घेऊन हजर. त्याची सत्तरी आली होती आणि मला नुकताच घरी बिअर बनवायचा नाद लागला होता. भरात बोलून गेलो, "ग्रॅहम, तुझ्या बर्थडेची लागर माझ्याकडून." (लागर म्हणजे काचेसारखी नितळ, सोनेरी बिअर.) तो "स्वीट ॲज", म्हणजे इकडच्या भाषेत 'झकास', म्हणाला आणि स्वतःचा जुना केग आणून दिला. केग म्हणजे स्टीलची उंच टाकी. आत बिअर, वर गॅसचा दाब आणि एक नळ. पाहुण्यांना त्याने सांगूनही टाकलं की यंदा बिअर कुणी आणू नका, समीर करतोय.

केगची सोय गराजमधल्या जुन्या फ्रिजमध्ये केली. तिथे आधीपासून माझी बायको मंजिरी हिचं इडलीचं पीठ, श्रीखंडाचा चक्का आणि तीन जुड्या कोथिंबीर अशी जुनी वस्ती होती. वाढदिवसाला आठवडा असताना मी पहिला ग्लास काढला, दिव्यासमोर धरला आणि पलीकडचा दिवा दिसेना.

"बाबा, इट्स लिटरली ताक," आमची ईरा म्हणाली. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर मराठीत द्यायचं नाही असा तिचा नियम आहे. ताकाला मात्र तिच्याकडेही दुसरा शब्द नव्हता.

मी फ्रिज उघडला. समोर इडलीचं पीठ फुगून डब्याचं झाकण उचलत होतं. मला गुन्हेगार सापडला.

"तुझं पीठ आंबतंय, त्यातलं काहीतरी माझ्या बिअरमध्ये जातंय," मी मंजिरीला म्हणालो.

"केग बंद आहे ना?"

"असला तरी. हवेतून जातं."

"बंद केगमध्ये?"

"तुला त्यातलं कळत नाही."

मंजिरी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मायक्रोबायॉलॉजिस्ट आहे. जंतू कुठून कुठे जातात हे सांगणं हीच तिची नोकरी. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं, डबा उचलला आणि स्वयंपाकघरात नेऊन ओट्यावर ठेवला. तिथे ते पीठ असं आंबलं की दुसऱ्या दिवशीच्या इडल्या खाऊन नाना, म्हणजे माझे सासरे, बराच वेळ एक डोळा मिटून बसले. नाना तीन महिन्यांसाठी पुण्याहून आले होते आणि घरात वाद असला की पेपर वाचायचे, इंग्रजी असला तरी.

पीठ गेलं, लागर गढूळच राहिली. मी रोज संध्याकाळी कामावरून आलो की केग फ्रिजमधून काढून टेबलावर घ्यायचो, एक ग्लास भरायचो, दिव्यासमोर धरायचो, उसासा टाकायचो, आणि मग गॅस सोडून, वरचं झाकण उघडून तो ग्लास परत आत ओतायचो. टाकायचा कशाला? आमच्या घरात चिवड्याच्या तळाचा चुरासुद्धा टाकत नाहीत. मग केग पुन्हा उचलून फ्रिजमध्ये. जो भेटेल त्याला मी सांगत होतो, मंजिरीच्या पिठाने घात केला. रविवारी जेवायला आलेल्या दोन कुटुंबांना सांगितलं, मंजिरी समोर वाढत असताना. तिने माझ्या पानात पोळी वाढली, पण वाढताना माझ्याकडे पाहिलं नाही.

गुरुवारी नाना गराजमध्ये आले. ग्लासकडे बघून म्हणाले, "समीरराव, आमच्या सांगलीला पूर आला की नळाला असंच पाणी यायचं. आम्ही तुरटी फिरवायचो. तासाभरात नितळ."

हे ते बोलून गेले आणि फिरायला गेले. मी मात्र बाथरूममध्ये गेलो. नानांची दाढीनंतर लावायची तुरटी तिथे होती, वर्षानुवर्षं गालावर फिरून साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत झालेली. मी ती उकळत्या पाण्याने धुतली. (क्वालिटी कंट्रोल!) तिला दोरा बांधला, केगचं झाकण उघडलं आणि आत सोडून गोल गोल फिरवू लागलो. अकराव्या फेरीला हाताला दोरा हलका लागला. वर ओढला तर नुसता दोरा.

कोपरापर्यंत हात घालून चाचपलं. हाताला गार बिअर लागली, तुरटी लागली नाही. मग मी एका सुशिक्षित, जबाबदार माणसाने करावं तेच केलं. झाकण लावलं आणि गप्प बसलो. शुक्रवारी सकाळी नाना बाथरूममधून विचारत होते, "माझी तुरटी कुणी पाहिली का?" मी ब्रश तोंडात धरून 'नाही' अशी मान हलवली.

शनिवारी दुपारी ढकलगाडीवर केग घालून, ड्राइव्हवेवरच्या प्रत्येक खाचखळग्यातून खडखडत, ग्रॅहमच्या घरामागच्या लाकडी डेकवर नेला. मंजिरी मागून बटाटेवड्यांचं ताट घेऊन येत होती. नळ सोडला. ताक. पहिला ग्लास वाढदिवसाच्या मालकाला दिला.

ग्रॅहमने घोट घेतला. त्याचे ओठ आत गेले आणि काही काळ बाहेर आलेच नाहीत. बाकीच्यांनी घेतली, त्यांचेही गेले. डेकभर माणसं गाल आत ओढून एकमेकांकडे बघत उभी होती.

"या, ना," असं इकडच्या पद्धतीने 'हो' आणि 'नाही' एका दमात उरकत एक गृहस्थ अखेर म्हणाले, "इट्स... डिफरंट."

गप्प राहणं हा एक मार्ग होता. मी म्हणालो, "सॉरी, माझ्या बायकोने फ्रिजमध्ये इडलीचं पीठ ठेवलं होतं."

मंजिरी ताट घेऊन तिथेच उभी होती. सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिचा चेहरा लाल झाला.

ग्रॅहम केगजवळ वाकला. "पहिले दोन-तीन ग्लास टाकून दिलेस ना, मेट?"

"टाकून?"

"आतली नळी तळापर्यंत जाते. यीस्टचा गाळ तळाशीच बसतो. म्हणून पहिले ग्लास गढूळच येतात. ते फेकायचे आणि केग हलवायचा नाही, बस."

"मी... परत आत ओतत होतो," मी म्हणालो. "रोज. टेबलावर काढून."

ग्रॅहम सभ्य माणूस. त्याने फक्त टोपी काढून डोकं खाजवलं. "पण मग तोंड असं का होतंय?"

इतक्यात आमच्याबरोबर आलेल्या नानांनी मंजिरीसाठी भरून ठेवलेला ग्लास उचलला. वर्षातून एखादा घोट घेतात ते. एक घोट घेतला, जीभ ओठांवरून फिरवली आणि शांतपणे म्हणाले, "ही माझी तुरटी आहे."

"व्हॉट डिड ही से?" ग्रॅहमने विचारलं.

ईराने सांगितलं. सविस्तर, अस्खलित इंग्रजीत, दाढीसकट. पंचवीस ग्लास एकदम खाली ठेवल्याचा आवाज झाला.

मला तेव्हा फार लाज वाटली, आणि तुरटीची कमी, त्या आठवड्याची जास्त. मी त्या सगळ्यांसमोर म्हणालो, "पिठाचा काही संबंध नव्हता. चूक माझी होती. मंजिरी पहिल्या दिवसापासून बरोबर सांगत होती आणि मी तिला म्हणालो, तुला कळत नाही." मग तेच तिच्याकडे वळून मराठीत म्हणालो, कारण इंग्रजीत ते फार स्वस्तात सुटल्यासारखं वाटलं. "चुकलं माझं."

या वेळी तिने माझ्याकडे पाहिलं. मग ताट पुढे करत म्हणाली, "वडे गार होतायत. आणि पीठ मी आज फ्रिजमध्ये परत ठेवणार आहे. मधल्या कप्प्यात."

"ठेव," मी म्हणालो.

ग्रॅहमची सत्तरी शेवटी बटाटेवडे आणि डेअरीतून, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून, आणलेल्या लेमोनेडवर झाली. केग त्याच्या फीजोआच्या झाडाखाली उपडा केला, तेव्हा तळातून बोराएवढी तुरटी निघाली. नानांनी ती धुऊन खिशात टाकली. आमच्याकडे काही टाकत नाहीत ते तिकडूनही आलंय.

ग्रॅहमने महिन्याभराने केग मला पुन्हा दिला. का, ते त्यालाच माहीत. या वेळी मी तो हलवला नाही, उघडला नाही, आणि चौथा ग्लास असा नितळ आला की पलीकडे फ्रिजमधलं इडलीचं पीठसुद्धा स्वच्छ दिसत होतं. पहिले तीन गढूळ ग्लास फेकून द्यायचे असतात, हे आता मला पक्कं कळलंय. फेकवत मात्र नाहीत. ते मी गराजमध्ये उभा राहून, डोळे मिटून पितो.