उभ्या माणसाचं काम

टपालअण्णा उभ्या माणसाचं काम करत नसत. दारात उभं राहून कुणी "अण्णा, तेवढा पोराचा निकाल बघता का?" म्हणालं, की ते चष्म्यावरून बघायचे आणि म्हणायचे, "आधी चपला काढ. बूड टेक. मग बघू निकाल." घाई आहे म्हणणाऱ्याला सरळ उत्तर मिळायचं. "घाई आसंल तर नळदुर्गाला जा. तितं दुकान हाय. पैसं घेत्यात, पर बसा म्हनत न्हायत." समोरचा माणूस बाकावर नीट टेकेपर्यंत त्यांचा हात कॉम्प्युटरच्या बटणाकडं जायचा नाही.

ही खोड त्यांना नोकरीनं लावली होती. अणदुरात आणि आजूबाजूच्या वस्त्यांवर त्यांनी उभा जन्म सायकलवरून टपाल वाटलं. त्यांचं खरं नाव गावात फार थोड्यांना ठाऊक होतं. ते सांगायचे, "घराघरातनं 'या अण्णा, बसा' म्हनायचे लोक. पर खांद्याची थैली बसू देती व्हय? कुनाच्या मयतीची तार हातात दिली आन् त्या रडत्या मानसाला तसंच सोडून फुडच्या दारात गेलो. कुनाच्या पोराला नोकरी लागल्याचं पाकीट दिलं, त्यांचा पेढा तोंडात न टाकता गेलो. आता थैली न्हाय. आता बसा."

पण ते रिटायर झाले आणि वर्षाच्या आत त्यांच्या बायको, आमच्या काकू, गेल्या. मुलगा पुण्यात कंपनीत. त्यानं लॅपटॉप घेतला तेव्हा आपला जुना कॉम्प्युटर खोक्यात बांधून एसटीनं अणदूरला पाठवला. रोज एकमेकांना बघत बोलू, असं त्याचं म्हणणं. सुरुवातीला बोललेही. मग आठवड्याला एकदा, मग सणाला. कॉम्प्युटर मात्र पुढच्या खोलीत टेबलावर राहिला, काकूंनी भरतकाम केलेला रुमाल पांघरून. अण्णांनी एक प्रिंटर घेतला, नेटचं डोंगल घेतलं आणि गावाला सांगून टाकलं, की ज्याला सातबारा, हॉलतिकीट, निकाल काय लागेल ते इथं या. पैसे घ्यायचे नाहीत, एवढंच ठरवलं होतं.

मशीन फार हळू होतं. बटण दाबलं की आतला पंखा घरघरायचा, पडदा बराच वेळ काळा राहायचा, मग निळा व्हायचा, मग वाळूचं घड्याळ फिरत बसायचं. अण्णा तोवर आत जाऊन चहा टाकायचे आणि आतूनच मशीनचा ठावठिकाणा सांगायचे, जसं काही ते मशीन नसून मुरूमहून जळकोट, नळदुर्ग करत अणदुरात येणारी एसटी आहे. पडदा काळा असला की, "मुरमाहून निघालंय." निळा झाला की, "जळकोटात आलंय, जळकोटात." घड्याळ फिरायला लागलं की, "नळदुर्ग सुटलं. आता आलंच." एवढ्या वेळात चहा व्हायचा, तो फुंकून प्यायला जायचा, आणि माणूस जे सांगायला आलेला नसायचा तेही सांगून मोकळा व्हायचा. शेजारची पारूबाई एकदा सातबारा काढायला आली होती. जळकोटापर्यंत सून बोलत नाही हे तिनं सांगितलं, आणि नळदुर्ग सुटता सुटता ती पदर डोळ्याला लावून रडत होती. सातबारा प्रिंटरमधून बाहेर येऊन पडला, तरी त्याच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांच्या मागं गेल्या. कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि हे मी कुठंही मान ताठ ठेवून सांगतो. धाराशिवला राहून मी कॉम्प्युटरमध्ये बी.एस्सी. केलं. त्याचा प्रवेश अर्ज अण्णांच्याच मशीनवर भरला होता. निकाल लागला त्या दिवसापासून त्यांनी मला नावानं हाक मारणं सोडलं. "काय पदवीधर!" अशी हाक भर बाजारात मारायचे. थट्टा असायची, पण मला ती गोड लागायची. घरी वडील विचारायचे, "शिकलास म्हंजी तुला करायला काय येतंय?" याला दाखवण्यासारखं उत्तर माझ्याकडं नव्हतं. नोकरी मिळत नव्हती, गावात मी रिकामा हिंडत होतो. मग माझं लक्ष अण्णांच्या मशीनवर गेलं.

"अण्णा, मशीन हळू आहे, कारण रॅम कमी आहे. एक पट्टी वाढवली की पळायला लागेल."

"पळून कुठं जायाचंय त्याला?"

मी त्यांना समजावलं. म्हटलं, रॅम म्हणजे मशीनचा ओटा. ओटा लहान असला की चार भांडी मांडता येत नाहीत, सारखं एक आत ठेवा, एक बाहेर काढा. ओटा वाढवला की स्वयंपाक भराभर होतो. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "मला एकट्याला केवढा वटा लागतोय?" पण मग माझ्या तोंडाकडं बघून म्हणाले, "बरं, कर. शिकलेलं हातातनं उतरलं पायजे."

धाराशिवच्या एका दुकानातून मी पट्टी आणली. आजूबाजूचे चारदोन लोक बघायला जमले होते. मी कॅबिनेट उघडलं आणि बघतच राहिलो. आत सगळं पिवळंधमक. पंखा पिवळा, वायरी पिवळ्या, जुन्या रॅमच्या पट्टीवर पिवळा थर.

"अण्णा, हे काय?"

"भंडारा हाय. दसऱ्याला पूजा करतो मशीनची."

"पण आत कसा गेला?"

"मागल्या जाळीतनं म्याच टाकला. काम आतलं मशीन करतंय, आन् भंडारा वरच्या डब्याला लावायचा व्हय?"

आमच्या अणदुरात खंडोबाच्या भंडाऱ्यावर वाद घालायचा नसतो. मी रंगाचा कोरा ब्रश घेतला आणि एकेक भाग झाडायला लागलो. अण्णा खाली वर्तमानपत्र धरून उभे. खाली पडलेली प्रत्येक चिमूट त्यांनी पुडीत बांधली, कपाळाला लावली आणि मगच मला पुढचं काम करू दिलं. मी जुनी पट्टी काढली, तिचे सोनेरी दात खोडरबरानं घासून चकचकीत केले आणि ती परत जागी बसवली. मग माझी पट्टी लावायला घेतली. ती बसेना. रॅमच्या पट्टीला खाली एक खाच असते, ती बरोबर खोबणीतल्या उंचवट्यावर यावी लागते. मी आणलेल्या पट्टीची खाच जराशी बाजूला होती. नव्या मशीनची पट्टी मी जुन्या मशीनला घेऊन आलो होतो. जमलेल्या लोकांसमोर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अण्णा वाकून बघत म्हणाले, "पिनकोड चुकला म्हन की! हुतंय, हुतंय. गावाचं नाव येकच, जिल्हा येगळा. आशी कैक पाकिटं म्या परत पाठवल्यात. जा, बदलून आण." लोक हसले, मीही हसलो, आणि लाज निघून गेली.

दुसऱ्या वेळी बरोबर पट्टी आणली. दोन्ही बाजूचे खटके टक् टक् बसले, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. बटण दाबलं. अण्णा सवयीनं आत जाऊन आतून ओरडले, "मुरमाहून निघालंय!" तोवर इकडं पडदा लखलखीत उघडलासुद्धा. बघायला वडील आले होते. घरी जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता.

पुढं महिना-दोन महिने गेले असतील. अण्णांचा निरोप आला, मशीन पहिल्यासारखंच हळू झालंय, बघून जा. मी गेलो, चालू करून बघितलं, खरंच हळू. पट्टी सैल झाली असेल म्हणून कॅबिनेट उघडलं. माझ्या पट्टीची जागा रिकामी होती आणि दोन्ही खटके आ वासून उघडे.

"अण्णा, पट्टी कुठाय?"

"देव्हाऱ्यात."

"देव्हाऱ्यात?"

"मग, टाकून देनार व्हय? तू शिकल्यावर केलेलं पयलं काम हाय ते. खंडोबाच्या टाकाजवळ ठिवलीय."

"पण काढली कशाला? नीट चालत होतं की!" मला रागच आला होता. माझं एकमेव दाखवण्यासारखं काम त्यांनी उपटून ठेवलं होतं.

"लई नीट चालत हुतं," अण्णा म्हणाले. "परवा पारूबाई आली. बसली. म्या च्या टाकायला आत गेलो. साखर घालस्तवर तिचा कागूद निघाला. 'येते अण्णा' म्हनली आन् गेली बी. म्या दोन कप घिऊन भाईर आलो, तर खोलीत कोन न्हाय." त्यांनी कॅबिनेटचं झाकण उचलून जागेवर टेकवलं. "दोनी कप म्याच पिलो. वाया कशाला घालवायचा?"

 मी म्हटलं, "तुम्ही सांगत असाल तर परत बसवतो."

"तू आधी बस. चप्पल काढ."

मी बसलो. अण्णांनी बटण दाबलं, पंखा घरघरायला लागला, ते आत गेले. "मुरमाहून निघालंय," आतून आवाज आला. मग म्हणाले, "आन् काय रं, नोकरीचं काय झालं?" गावात हे मला सगळे विचारायचे, पण उत्तर ऐकायला कुणी थांबायचं नाही. मी अण्णांना सगळं सांगितलं. मुलाखतीत माझं बोलणं ऐकून हसलेला माणूस सांगितला, घरी मी खोटं सांगतो तेही सांगितलं. नळदुर्ग कधीच सुटलं होतं, पडदा उघडून वाट बघत होता. आम्ही दोघं तिकडं पाठ करून बसलो होतो. त्यानंतर मी ती पट्टी पुन्हा बसवण्याचा विषय काढला नाही.

मला धाराशिवला एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये नोकरी लागली. त्याच काळात गावात हातोहाती मोबाइल आले. निकाल मोबाइलवर, सातबारा मोबाइलवर. अण्णांच्या बाकावर बसायला कुणाला कारण उरलं नाही. पारूबाईची सून बोलायला लागली होती, बहुतेक मोबाइलवरच. अण्णांचे मला फोन यायचे. "पदवीधर, मशीन लई हळू झालंय. कवा येतूस?"

"पट्टी बसवा की मग, देव्हाऱ्यात आहे ती."

"मला न्हाय बसवता येत."

"काढता येते आणि बसवता येत नाही?"

"तसंच आसतंय," अण्णा म्हणायचे, आणि दोघंही हसायचो. हळू काय झालंय ते मला कळत होतं. सुट्टी मिळाली की जायचो. सुट्टी दर वेळी मिळायची नाही.

शेवटचा गेलो तो दसरा होऊन गेल्यावर. दार सताड उघडं. मशीनला झेंडूचा हार, टेबलभर भंडारा, पंखा घरघरतोय, आणि अण्णा समोर नुसते बसलेले. कुणाचं काम चाललंय असं वाटून मी इकडंतिकडं बघितलं. "कोन न्हाय," ते म्हणाले. "सकाळी चालू करून ठिवतो. घरात काय तरी घरघरतंय, बरं वाटतंय." त्यांनी दोन कप आधीच काढून ठेवले होते. मी येणार हे मी कळवलेलं नव्हतं.

अण्णा गेल्याचं मला गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. त्यांचा फोटो, आणि खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. ज्यानं जन्मभर लोकांच्या बातम्या त्यांच्या हातात नेऊन दिल्या, त्याची बातमी कुणी कुणाच्या हातात दिली नाही. तेराव्याला गेलो तेव्हा मुलगा घर आवरत होता. वाईट माणूस नाही तो. मला म्हणाला, "कॉम्प्युटर भंगारात देणार होतो. पण बाबा तुमचं नाव सारखं घ्यायचे, म्हणून विचारतो." मी मशीन घेतलं, प्रिंटरसकट. देव्हाऱ्यातली पट्टीही मागून घेतली. भंडाऱ्यानं ती अशी पिवळी झाली होती, की ओळखणाऱ्यालाच ओळखू यावी.

आता ते मशीन धाराशिवला माझ्या भाड्याच्या खोलीत आहे. दिवसभर लॅबमध्ये मी पोरांना रॅम बसवायला शिकवतो, तिथली सगळी मशीनं पळतात. पोरंही पळतात. संध्याकाळी खोलीवर आलो की अण्णांचं मशीन चालू करतो. पट्टी टेबलाच्या वरच्या फळीवर आहे. बसवली तर बसेल, खटके अजून पक्के आहेत.

परवा वरच्या मजल्यावरचा एक परीक्षार्थी पोरगा दारात आला. हातात मोबाइल, पायात बूट. "सर, तुमच्याकडं प्रिंटर आहे ना? एकच पान. हॉलतिकीट."

"बूट काढ. बस," मी म्हटलं आणि बटण दाबून चहा टाकायला आत गेलो.

"सर, वेळ लागेल का?"

"मुरमाहून निघालंय," मी आतून म्हणालो.

"काय?"

"काही नाही. जळकोटात आलंय."

 थोड्या वेळानं तो म्हणाला, "राहू द्या सर, कोपऱ्यावरून काढतो. तिथं लगेच होतं." जिन्यावर त्याचे बूट वाजत खाली गेले. मी दोन कप घेऊन बाहेर आलो तेव्हा मशीन नुकतंच पोचलं होतं, पडदा उघडला होता.

दोन्ही कप मीच प्यालो. दार मात्र उघडंच ठेवलं.