टायमिंगबाईंची लेक

बसस्थानकात तिला सगळे टायमिंगबाई म्हणत. कुठली गाडी किती वाजता आली, किती वाजता सुटली हे लिहायचं आणि माइकवर पुकारायचं, हे काम ती सव्वीस वर्षं करत होती. गाड्या रिव्हर्स घेऊन फलाटाला लागायच्या, त्यामुळे त्यांचा सगळा धूर थेट केबिनच्या खिडकीवर यायचा. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोट फिरवलं की बोट काळं. नवरा तिथल्याच वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. तो घरी आला की आधी मोरीत, मग घरात, असा तिचा दंडक होता.

त्यांची एकुलती एक लेक तेवीस वर्षांची, सडपातळ, पोहण्यात पटाईत. तलावावर शिकवायची नोकरी ठरली होती, फक्त तब्येतीची तपासणी बाकी होती. नर्सने तीनदा रक्तदाब मोजला. मशीन बिघडलंय असं वाटून दुसरं आणलं, तरी आकडा तोच, चढा. मग हृदयाची सोनोग्राफी झाली. डाव्या बाजूचा स्नायू जाड झालाय, म्हणाले.

हृदयाच्या डॉक्टरीणबाई पोक्त, सावकाश बोलणाऱ्या. लेकीच्या बाकीच्या तपासण्या नीट आल्या होत्या, घराण्यातही कुणाला असं काही नव्हतं. कागद चाळून झाल्यावर त्यांनी आईकडे पाहिलं.

"ही पोटात असताना तुम्ही कुठे कामाला होतात?"

"बसस्थानकात. नववा लागेपर्यंत."

"आणि हिचे वडील?"

"तेही तिथेच. इंजिनाच्या कामाला, लग्नाआधीपासून."

डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतलं. कशासाठी, असं तिने विचारलंच.

"आईबापांच्या छातीत गेलेल्या धुराचा मुलांच्या हृदयावर परिणाम होत असावा, असं काही अभ्यासांत दिसतंय. फक्त आईचाच नाही, बापाचाही. पण तुमच्या मुलीला त्यामुळेच झालं, हे मी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकणार नाही."

पुढची वाक्यं तिच्या कानावरून गेली. गोळी रोजची, सहा महिन्यांनी तपासणी, नोकरी तूर्त लांबणीवर.

घरी आल्यावर ती चपलांसकट खुर्चीत बसली. तेव्हा रजा मागायला हवी होती का? मागितली असती तर मिळाली असती का? त्या दिवसांत धुराने मळमळायचं, आणि सासूबाई म्हणायच्या, पहिलटकरणीला होतंच असं. तिलाही ते पटलं होतं.

"माझंच चुकलं," ती नवऱ्याला म्हणाली.

"तुझं कसं? बापाचाही म्हणाल्या ना त्या? मी तर अख्खं आयुष्य इंजिनाखाली काढलंय."

"तुम्ही उगाच अंगावर घेऊ नका."

"मग तू तरी कशाला घेतेस?"

आतून लेक आली. डोळे सुजलेले, पण आवाज ताळ्यावर. "आजारी मी आहे आणि भांडताय तुम्ही. कुणाची चूक ते ठरलं तर माझी गोळी बंद होणार आहे का?"

नवरा उठून म्हणाला, "चहा टाकतो." त्या घरात आजवर त्याने चहा केला नव्हता. तो कडू झाला, तिघांनीही मुकाट्याने प्यायला.

दोन महिन्यांनी केबिनमधल्या दुसऱ्या पाळीच्या मुलीने ओशाळत सांगितलं, तिला दिवस गेलेत. टायमिंगबाई उठली आणि तडक साहेबांच्या खोलीत गेली. हिला वरच्या मजल्यावर, रेकॉर्डच्या खोलीत बसवा, म्हणाली.

"नियमात बसत नाही, बाई. शिवाय केबिनमध्ये कोण बसणार?"

"मी बसते."

"दोन्ही पाळ्या? या वयात?"

"माझ्यात जे जायचं ते जाऊन चुकलंय, साहेब."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. ती भांडायला आलेली नव्हती, नुसती दमलेली दिसत होती. पेन पुन्हा उचलून त्यांनी त्या मुलीचं नाव लिहून घेतलं. आठवड्याभराने ती मुलगी वर गेली. बदली माणूस मिळायला पाच महिने लागले. तोवर टायमिंगबाई पहाटे जायची ती रात्री उशिरा परत यायची. गाडी लागली की इंजिन बंद करा, असं ती माइकवर पुकारू लागली. काही ड्रायव्हर ऐकत, काही कानाडोळा करत. एकाने विचारलं, "बाई, आता तुम्ही गाड्याही चालवणार का?" तिने त्याच्या गाडीचा नंबर घेऊन पुन्हा पुकारलं.

तिच्या दोन्ही पाळ्या चालूच असताना, सहा महिन्यांनी, लेकीची तपासणी झाली. रक्तदाब उतरला होता. स्नायूची जाडी होती तेवढीच.

"कमी नाही झाली?" आईने विचारलं.

"वाढली नाही, यात समाधान माना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हळूहळू पोहायला हरकत नाही. पुढच्या वेळी वडिलांनाही आणा, त्यांचंही बघून घेऊ."

परतीच्या रिक्षात लेक तलावावरच्या नोकरीचं काहीबाही बोलत होती. अर्ज पुन्हा करता येईल का, कुणाला भेटावं लागेल. टायमिंगबाई हं हं करत होती. जरा वेळाने तिचं डोकं लेकीच्या खांद्यावर कललं. लेकीने बोलणं थांबवलं आणि खांदा तसाच धरून ठेवला.