डाव्या हाताची भिंत

बटणकाकूंचं स्वयंपाकघर एवढंसं होतं की एकीने आत श्वास घेतला तर दुसरीने तो सोडायला बाहेर जावं. हा विनोद त्यांच्या सुनेचा. तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा सगळ्यांत जास्त काकूच हसल्या होत्या.

काकूंनी उभा जन्म एका शिंप्याच्या दुकानासाठी काजं-बटणं केली, त्यावरूनच हे नाव पडलं. नवरा लवकर गेला. मुलाला त्यांनी सुईच्या टोकावर वाढवलं, असं शेजारपाजारचे म्हणत. मग एके दिवशी बोटं दुखतात असं सांगून त्यांनी काम सोडलं. बोटांना काहीच झालं नव्हतं, डोळे जात चालले होते. नळीतून पाहावं तसं मधलं तेवढं दिसे, कडेचं सगळं धुक्यात. डॉक्टरांकडे त्या एकट्याच गेल्या. "गेलेली नजर परत येणार नाही. उरलेलीही किती टिकेल, सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. काकूंनी थेंबांची बाटली कपाटात कपड्यांमागे ठेवली आणि घरात अवाक्षर काढलं नाही. दिसत नाही हे कळलं की आपल्याला कोणी शेगडीपाशी उभं करणार नाही, हे त्या जाणून होत्या. त्यांच्या सासूबाईंचं तसंच झालं होतं. आधी 'तुम्ही बसा' म्हणून खुर्ची मिळाली, मग त्या खुर्चीत काही वर्षं गेली, आणि शेवटी त्यांच्याशी बोलायलाही कोणाला काही उरलं नाही.

त्या अडचणीच्या खोलीनेच आजवर काकूंचं झाकून ठेवलं होतं. डावा खांदा भिंतीला टेकला की शेगडी बरोबर उजव्या हाताशी येई. मिठाच्या डब्याला एक रबरबँड, साखरेच्या डब्याला दोन. चहाचा डबा कोपऱ्याला चेपलेला, त्याला खूण लागतच नसे. आतलं चाचपडणं भिंतीआड राही आणि बाहेर येई तो वाफाळता कप.

मुलाला बढती मिळाली आणि त्याने सुताराला बोलावलं.

"आई, जन्मभर या खुराड्यात घुसमटलीस. ही भिंत पाडू, सगळं पांढरंशुभ्र करू. कसं मोकळं वाटेल बघ!"

"मला कुठे अडचण होते रे?"

"हेच ते! तुला अडचणीचीसुद्धा सवय झालीय."

"आणि तुम्ही आत, आम्ही बाहेर, हे आता पुरे," सून म्हणाली. "गप्पा मारत स्वयंपाक करू."

खरं सांगावं तर भिंत वाचेल, पण शेगडी हातची जाईल. गप्प राहावं तर निदान काही दिवस तरी मिळतील. काकू गप्प राहिल्या. फक्त सुताराला हळूच म्हणाल्या, "एवढी डब्यांची फळी तरी राहू दे."

"काकू, फळीच ठेवायची तर मला कशाला बोलावलं? आता दारांना कड्यासुद्धा नाहीत. नुसतं दाबलं की उघडतं."

"कुठे दाबायचं ते कळायचं कसं?"

"दिसतंच की!" सुतार म्हणाला आणि हातोडा उचलून कामाला लागला.

काम संपलं. सुनेने सगळं सामान एकसारख्या काचेच्या बरण्यांत भरलं. "ते रबरबँड किती चिकट झाले होते, आई! फेकून दिले."

पहिल्याच रविवारी शेजारीण घर बघायला आली. "चहा मीच करते," काकू म्हणाल्या. सवयीने डावा खांदा टेकायला गेला आणि पुढे झोकांडी गेली. कशाबशा सावरल्या. दूध तापलं, चहा उकळला, साखर त्यांनी चाखून ओळखली. तिघं सोफ्यावरून कौतुकाने बघत होते. आता मधे काहीच नव्हतं. काकूंनी पांढऱ्या ओट्यावर पांढरे कप मांडले आणि चहा ओतू लागल्या. कप भरत आल्याचा आवाज येईना, म्हणून त्या ओततच राहिल्या. चहा कपाशेजारून ओट्यावर, ओट्यावरून फरशीवर, फरशीवरून त्यांच्या पायांवर.

"आई!" मुलगा धावला. सुनेने पायांवर गार पाणी घातलं. मग मुलाने काकूंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "कधीपासून?"

काकूंनी सांगितलं. शेजारीण केव्हा निघून गेली ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

"भिंत परत बांधून घेऊ," मुलगा म्हणाला.

"आता कशाला? कोणापासून लपायचंय?"

सुनेने भांडं त्यांच्या हातातून अलगद काढून घेतलं आणि खुर्ची आणली. "तुम्ही बसा."

दुसऱ्या दिवशी ती बाजारातून आली ती लगबगीने. "आई, हात लावून बघा बरं!" तिने प्रत्येक बरणीला नवा करकरीत रबरबँड लावला होता.

काकूंनी मिठाची म्हणून एक बरणी चाचपली. एक. शेजारची. एक. पुढचीलाही एकच.

"छान केलंस हो," त्या म्हणाल्या आणि मागे हात नेऊन खुर्ची शोधू लागल्या.