कपडे शिवणारा खेकडा

मी शिकवते त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत एका बरणीत अंगठ्याच्या नखाएवढा खेकडा आहे. अभ्यासदौऱ्यात मालवणकडे, ओहोटीच्या वेळी खडकाच्या फटीत मेलेला सापडला, तो मी हिंगोलीला आणला. हा उथळ पाण्यातल्या प्रवाळात आणि खडकांत राहतो. पाठीवर त्याला आकड्यांसारखे वाकडे केस असतात. नांग्यांनी शेवाळाचे, स्पंजाचे तुकडे तोडायचे, कडा चावून मऊ करायच्या आणि त्या आकड्यांत अडकवायच्या, एवढंच त्याचं शिवणकाम. मग मासा शेजारून गेला तरी त्याला ओळखत नाही. जागा बदलली की हा तिथलं शेवाळ चढवतो. कात टाकली तर जुन्या कवचावरचे तुकडे काढून नव्यावर लावतो, इतका कंजूष.

हे सगळं मी आईला फोनवर सांगितलं होतं. आमच्या बंजारा तांड्यावर आईला याडी म्हणतात. याडी अजूनही चष्मा लावून ओढणीवर आरसे आणि कवड्या शिवते. तिला त्या खेकड्याचं भारी कौतुक वाटलं.

विज्ञान प्रदर्शनाच्या दिवशी ती न सांगता त्याला बघायला आली, औंढ्याहून एसटीने. अंगावर ठेवणीतली काचळी, कवड्यांची ओढणी, हातभर बांगड्या. सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे. मी तांड्यावरची आहे हे कॉलेजात कुणाला माहीत नव्हतं. खोटं मी कधी बोलले नव्हते, फक्त तो विषय निघाला की फळा पुसायला घ्यायचे.

“ओळखीच्या आहेत का?” शेजारच्या टेबलावरच्या प्राध्यापिकेने विचारलं.

“आमच्या गावाकडं शेतात कामाला येतात,” मी म्हणाले. जीभ जरासुद्धा अडखळली नाही. आज त्याचीच जास्त लाज वाटते.

याडीने ऐकलं. ती टेबलापाशी आली, बरणीवर वाकली. जन्मात माझ्याशी आमची गोरमाटी बोली सोडून दुसरं काही न बोललेली बाई मराठीत म्हणाली, “मॅडम, कपडे शिवणारा खेकडा हाच का?”

मी मान डोलावली.

“याच्या पाठीवर तर काईच न्हाई.”

बरणीतल्या स्पिरिटमध्ये तुकडे गळून पडतात, मी सांगितलं. तळाशी एक होता, तो बोटाने दाखवला.

“बराबर हाय,” ती म्हणाली. “येते मॅडम.”

मी तिला थांबवलं नाही. जिना उतरेपर्यंत तिच्या बांगड्या ऐकू येत होत्या आणि मी मुलांना पाठीवरचे आकडे समजावून सांगत होते.

आता मी फोनवर “याडी” म्हणते आणि ती मराठीतच बोलते. “कशा हाव मॅडम? जेवलाव का?” मला वाटायचं, राग धरला आहे. धरायलाच हवा होता. परवा मला रडू फुटलं आणि मी विचारलंच, अशी का बोलतेस माझ्याशी?

“तुझ्याजवळ कोणी बसलं असंल, बाई,” ती म्हणाली, तेही मराठीतच. “फोनातला आवाज बाहेर ऐकू जातो.”